अदृश्य कणांची गाळणी : सिंगापूरच्या पी.यू.बी.ची वाटचाल

पब्लिक युटिलिटीज बोर्ड, म्हणजे इथे सर्वांच्या तोंडी असलेले पी.यू.बी., १ मे १९६३ रोजी स्थापन झाले. महाराष्ट्र राज्याला त्याच दिवशी तीन वर्षे पूर्ण होत होती. तांजोंग पगार परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांचा या मंडळाशी संबंध रोजचा. नळ सोडला की पाणी येते आणि ते न उकळता, न गाळता पिता येते. गावाहून पहिल्यांदाच आलेल्या आईला किंवा सासूबाईंना ही गोष्ट पटायला चार दिवस लागतात. स्वयंपाकघरात फिल्टर नाही, कारण तो शहराने शहरासाठी बसवला आहे. त्या फिल्टरची घडण कशी झाली, त्यामागे कोणते शास्त्र आहे आणि एका संस्थेने किती वर्षे चिकाटी धरली, हे या स्मरणिकेच्या वाचकांपुढे मांडावे, म्हणून हा इतिहास.

बैलगाडीचे पाणी

तांजोंग पगारचा आधुनिक इतिहास गोदीपासून सुरू होतो. १८६४ मध्ये तांजोंग पगार डॉक कंपनी उभी राहिली. जहाजांमागोमाग हमाल, सुतार, लोहार, खलाशी आले आणि दुकानांच्या वरच्या माळ्यांवर दाटीवाटीने राहू लागले. त्या काळी शेजारच्या ॲन सिआंग टेकडीवरच्या विहिरींचे पाणी बैलगाड्यांतून वस्तीत पोचवले जाई. क्रेता आयेर या भागाला नाव मिळाले ते याच पाणगाड्यांवरून.

नळाच्या पाण्याची पहिली मोठी देणगी एका व्यापाऱ्याची. तान किम सेंग यांनी १८५७ मध्ये शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी १३,००० डॉलर दिले. पहिला जलाशय १८६८ मध्ये बांधून झाला. पुढे त्याचा विस्तार करणारे अभियंते मॅकरिची यांचे नाव त्याला मिळाले. १९०४ मध्ये तांजोंग पगारपासून जवळच असलेल्या पर्ल्स टेकडीवर साठवण टाकी झाली. पाणी आले, पण वस्तीची अवस्था बिकटच राहिली. डॉ. सिम्पसन यांनी १९०७ च्या अहवालात इथल्या चाळीवजा घरांतली कोंदट हवा, गर्दी आणि घाण यांची नोंद केली आहे. मैला बादल्यांतून वाहून नेण्याची पद्धत पार १९८७ च्या जानेवारीपर्यंत शहराच्या कुठल्या ना कुठल्या भागात चालू होती. आज जगभरचे अभियंते ज्या शहरात पाणी शिकायला येतात, तिथली ही स्थिती फार जुनी नाही.

टंचाईत जन्मलेली संस्था

सिंगापूरमध्ये वर्षाला सुमारे २,४०० मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणाच्या माणसाला हा आकडा ओळखीचा वाटेल. उणीव पावसाची नाही, तो साठवायला लागणाऱ्या जमिनीची आहे. म्हणून समुद्रपलीकडच्या जोहोरमधून नळाने पाणी आणण्याची सोय दुसऱ्या महायुद्धापूर्वीच झाली होती. ३१ जानेवारी १९४२ रोजी माघार घेणाऱ्या ब्रिटिश फौजेने जोहोरला जोडणारा सेतुमार्ग उडवला, तेव्हा त्यावरची जलवाहिनीही तुटली. दोन आठवड्यांत शहर शरण गेले. पाण्यासाठी दुसऱ्यावर अवलंबून राहण्याची किंमत काय असते, हे त्या पिढीने डोळ्यांनी पाहिले.

१९६१ आणि १९६२ मध्ये जोहोरशी पाण्याचे दोन करार झाले; दुसरा २०६१ पर्यंत चालणार आहे. १९६३ मध्ये नव्या मंडळाने नगर परिषदेकडून पाणी, वीज आणि गॅस या तिन्ही सेवा हाती घेतल्या, तेव्हा शहरात पाणीकपात सुरू होती. एप्रिल १९६३ ते फेब्रुवारी १९६४ असे जवळपास दहा महिने लोकांनी ठरावीक वेळी पाणी भरले. मंडळाचे पहिले वर्ष असे कोरड्या नळांसमोर गेले.

या काळाचे नेतृत्व तांजोंग पगारशीच बांधलेले होते. ली क्वान यू १९५५ मध्ये या मतदारसंघातून पहिल्यांदा निवडून आले आणि २०१५ मध्ये निधन होईपर्यंत, म्हणजे साठ वर्षे, इथलेच प्रतिनिधी राहिले. १९६५ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर त्यांनी पाण्याला इतर सर्व खात्यांच्या वर स्थान दिले. १९७२ मध्ये पहिला जल बृहत् आराखडा तयार झाला. त्यात जलाशय, समुद्राचे पाणी आणि वापरलेले पाणी अशा सर्व वाटांचा विचार होता. त्यातली तिसरी वाट सर्वांत अवघड होती. ती नीट समजायला पाण्यातल्या कणांची ओळख करून घ्यावी लागते.

नॅनोमीटरचे माप

पाण्यातल्या अशुद्धीची वर्गवारी आकाराने करता येते. वाळूचा कण डोळ्यांना दिसतो आणि काही सेकंदांत तळाशी बसतो. जिवाणू साधारण ५०० ते २,००० नॅनोमीटरचे असतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. विषाणू त्याहून लहान. पोलिओचा विषाणू सुमारे ३० नॅनोमीटरचा आणि रोटाव्हायरस सुमारे ७० ते ८० नॅनोमीटरचा. मातीचे अतिसूक्ष्म कण, सिलिका, लोहाची संयुगे, कुजलेल्या पाल्यातले सेंद्रिय रेणू हे सगळे याच पट्ट्यात येतात. रसायनशास्त्र त्यांना कलिल कण म्हणते. नॅनोकण हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधीपासून जलशुद्धीकरणाचे अभियंते याच कणांशी झुंजत होते.

हे कण आपणहून तळाशी बसत नाहीत. पाण्याच्या रेणूंचे धक्के त्यांना सतत हलवत राहतात. शिवाय बहुतेकांच्या पृष्ठभागावर ऋण प्रभार असल्याने ते एकमेकांना दूर लोटतात आणि गुठळी होऊ देत नाहीत. आपल्या घरांतून गढूळ पाण्यात तुरटी फिरवण्याची जी रीत आहे, ती इथेच काम करते. तुरटीतल्या ॲल्युमिनियमच्या आयनावर तीन धन प्रभार असतात. तो कणांचा ऋण प्रभार मारतो, कण जवळ येतात, चिकटतात, जड होतात आणि खाली बसतात. ॲल्युमिनियमच्या हायड्रॉक्साइडचे जे मऊ पुंजके तयार होतात, ते उरलेल्या कणांना स्वतःत ओढून घेतात. जगातल्या बहुतेक जलशुद्धीकरण केंद्रांची पहिली पायरी हीच असते. त्यानंतर निवळण टाक्या आणि वाळूचे थर.

कण लहान असेल तर त्याला मोठ्याला चिकटवून पकडायचे, हे तत्त्व आणखी एका ठिकाणी फार सुंदर दिसले. बांगलादेशात रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनी सुती साडी अनेक पदरी दुमडून तिच्यातून तळ्याचे पाणी गाळायला खेड्यांतल्या बायकांना शिकवले. साडीच्या विणीतून कॉलऱ्याचा जिवाणू सहज निसटू शकतो, पण तो पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतो आणि ते प्राणी साडीत अडकतात. कॉलऱ्याचे प्रमाण जवळपास निम्म्याने घटले. सिंगापूरने ली क्वान यू यांच्या नावाने दिला जाणारा जल पुरस्कार २०१८ मध्ये कोलवेल यांना दिला. पाण्याला पदर लावून गाळणाऱ्या आपल्या आज्यांच्या सवयीला विज्ञानाने दिलेली ही पावतीच आहे.

तुरटी आणि वाळूने पाणी नितळ होते, मात्र विषाणू आणि विरघळलेले क्षार त्यातून पूर्ण निघत नाहीत. त्यासाठी मेम्ब्रेन लागते. मेम्ब्रेनच्या तीन पायऱ्या आहेत. मायक्रोफिल्ट्रेशनची छिद्रे साधारण १०० ते २०० नॅनोमीटरची असतात. तिथे जिवाणू अडतात. अल्ट्राफिल्ट्रेशनची छिद्रे त्याच्या दहाव्या हिश्शापर्यंत बारीक असतात. तिथे विषाणूही अडतात. तिसरी पायरी रिव्हर्स ऑस्मोसिसची, म्हणजे आपल्या ओळखीच्या आर.ओ.ची. तिथल्या वाटा एका नॅनोमीटरपेक्षाही सूक्ष्म असतात आणि विरघळलेले मीठसुद्धा बहुतांशी मागे राहते. पाणी त्यातून आपणहून जात नाही, दाबाने ढकलावे लागते. समुद्राच्या पाण्याचा नैसर्गिक ऑस्मोटिक दाबच वातावरणाच्या सुमारे २७ पट असतो. त्यावर मात करण्यासाठी पंपांना त्याच्या दुपटीहून अधिक दाब द्यावा लागतो. वापरलेल्या पाण्यात क्षार पुष्कळ कमी असल्याने तिथे बराच कमी दाब पुरतो. सांडपाणी पुन्हा शुद्ध करणे समुद्राचे पाणी गोडे करण्यापेक्षा स्वस्त पडते, त्याचे मूळ इथे आहे.

१९७४ : वेळेआधीचा प्रयोग

आर.ओ.ची वापरण्याजोगी मेम्ब्रेन १९५९ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सूरीराजन यांनी तयार केली. सेल्युलोज ॲसिटेटच्या पापुद्र्याची एक बाजू अतिशय दाट आणि बाकीचा भाग सच्छिद्र ठेवण्याची युक्ती त्यांनी साधली, त्यामुळे गाळण टिकून प्रवाह अनेक पटींनी वाढला. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोलिंगा गावाला याच तंत्राने पाणी मिळू लागले.

सिंगापूरने फार वाट पाहिली नाही. १९७४ मध्येच वापरलेले पाणी पिण्याजोगे करण्याचा प्रायोगिक प्रकल्प उभा राहिला. पाणी शुद्ध होत होते, पण मेम्ब्रेन महाग होती, ती भरवशाने टिकत नव्हती आणि खर्च परवडणारा नव्हता. प्रकल्प बंद करावा लागला.

या संस्थेचा स्वभाव इथे दिसतो. मंडळाने कल्पना मोडीत काढली नाही. तंत्रज्ञान कुठवर आले आहे यावर त्यांचे अभियंते नजर ठेवून राहिले आणि त्या अवधीत त्यांनी आधीचे काम पुरे केले. शुद्ध करायला घ्यायचे पाणीच आटोक्यात नसेल, तर बारीक गाळणीचा काय उपयोग? १९७७ मध्ये ली क्वान यू यांनी सिंगापूर नदी आणि कलांग खोरे दहा वर्षांत स्वच्छ करण्याचे काम सोपवले. ली एक टिएंग यांच्या नेतृत्वाखाली डुकरांचे गोठे हलले, फेरीवाल्यांना नळ आणि गटार असलेल्या बाजारांत जागा मिळाली, मालवाहू होड्या १९८३ मध्ये पासिर पांजांगला गेल्या. १९८७ मध्ये नदी स्वच्छ झाली. घराघरांतले सांडपाणी वेगळ्या वाहिन्यांतून आणि पावसाचे पाणी वेगळ्या नाल्यांतून नेण्याची शिस्त शहरभर पक्की झाली. पुढच्या सगळ्या यशाचा हा पाया आहे.

बेडोक ते राष्ट्रीय दिन

१९९५ मध्ये वीज आणि गॅस मंडळाकडून निघाले. १ एप्रिल २००१ पासून सांडपाणी आणि पावसाचे नालेही पी.यू.बी.कडे आले. ढगातल्या थेंबापासून गटारातल्या थेंबापर्यंत पाण्याचा अख्खा फेरा एका संस्थेच्या हाती येणे ही प्रशासनातली घटना लहान वाटेल, पण तिचा परिणाम मोठा झाला. एका खात्याचे सांडपाणी दुसऱ्या खात्याचा कच्चा माल होता. आता दोघांमधली भिंत उरली नाही. नदीच्या सफाईत काम केलेले तान गी पाव त्याच वर्षी मंडळाचे अध्यक्ष झाले आणि २०१७ पर्यंत त्या पदावर राहिले.

त्याआधी १९९८ मध्ये पुनर्वापराचा अभ्यास नव्याने सुरू झाला होता. एव्हाना मेम्ब्रेन सुधारली होती आणि तिचा दर उतरला होता. मे २००० मध्ये बेडोक येथे दिवसाला १०,००० घनमीटर क्षमतेचे प्रात्यक्षिक केंद्र चालू झाले. क्रम असा होता : आधी मायक्रोफिल्ट्रेशन, मग आर.ओ., शेवटी अतिनील किरण. पहिल्या टप्प्यात मोठे कण आणि जिवाणू, दुसऱ्यात विषाणू, क्षार आणि सेंद्रिय रेणू अडतात. यातून चुकून काही निसटलेच, तर तिसऱ्या टप्प्यात त्या सूक्ष्मजीवांच्या जनुकांना किरणांची इजा होते आणि ते वाढू शकत नाहीत. एका अडथळ्यावर भरवसा न ठेवता एकापुढे एक अडथळे उभे करणे, हे या रचनेचे मर्म.

देशोदेशींच्या तज्ज्ञांच्या समितीने दोन वर्षे या पाण्याची परीक्षा केली. हजारो चाचण्या झाल्या. मासे आणि उंदीर यांच्यावर होणाऱ्या परिणामांचाही अभ्यास झाला. समितीने पाणी पिण्यास सुरक्षित असल्याचा निर्वाळा दिला. न्यूवॉटर हे नाव घेऊन ते ९ ऑगस्ट २००२ च्या राष्ट्रीय दिनी बाटल्यांतून हजारो नागरिकांच्या हाती आले, आणि पंतप्रधान गोह चोक तोंग सर्वांसोबत ते प्यायले. फेब्रुवारी २००३ मध्ये रीतसर उद्घाटन झाले. १९७४ पासून मोजले तर एकोणतीस वर्षे लागली.

गाळणीची राखण

मेम्ब्रेन बसवली की काम झाले, असे नसते. खरे काम त्यानंतर सुरू होते. अडवलेले कण पृष्ठभागावर साचून थर धरतात, त्यावर जिवाणूंची बुळबुळीत साय वाढते आणि प्रवाह मंदावतो. म्हणून ठरावीक काळाने उलट्या दिशेने पाणी सोडून नळ्या धुतात, अधूनमधून रसायनांनी स्वच्छ करतात, आणि वाढ रोखण्यासाठी क्लोरामाइनची मात्रा ठेवतात. आर.ओ.कडे जाणाऱ्या पाण्यात किती कलिल कण उरले आहेत, हे पाहण्यासाठी ४५० नॅनोमीटर छिद्रांच्या गाळणीतून ते पंधरा मिनिटे सोडतात आणि गाळणी किती तुंबली यावरून अंक काढतात.

अल्ट्राफिल्ट्रेशनच्या केंद्रात शेवयांसारख्या पोकळ नळ्या हजारोंच्या संख्येने असतात. त्यांतली एक जरी फाटली, तरी विषाणूंना वाट मिळते. ती शोधण्यासाठी एका बाजूने हवा भरून दाब किती वेगाने उतरतो ते मोजतात. आर.ओ.च्या पाण्याची विद्युतवाहकता आणि त्यातला सेंद्रिय कार्बन अखंड मोजला जातो. काटा किंचित हलला तरी कारण शोधले जाते. न दिसणाऱ्या कणांबाबत डोळ्यांची साक्ष चालत नाही, मोजमापाचीच चालते. पी.यू.बी.वर लोकांचा विश्वास बसला तो या मोजमापाच्या शिस्तीमुळे.

कारखाने, जलाशय आणि समुद्र

न्यूवॉटरचे पहिले मोठे गिऱ्हाईक म्हणजे संगणकाच्या चिप बनवणारे कारखाने. सिलिकॉनच्या चकतीवरच्या रेषा इतक्या बारीक असतात, की धुण्याच्या पाण्यातून आलेला काही नॅनोमीटरचा कणही चिप निकामी करू शकतो. न्यूवॉटरमध्ये क्षार आधीच फार कमी असल्याने कारखान्यांना ते आणखी शुद्ध करणे सोपे जाते. मोठ्या इमारतींच्या वातानुकूलन यंत्रणाही हे पाणी वापरतात. त्याचा एक भाग जलाशयांत सोडला जातो आणि नेहमीच्या शुद्धीकरणानंतर नळाला येतो.

पुढची पाने वेगाने भरत गेली. २००५ मध्ये तुआस येथे समुद्राचे पाणी गोडे करणारे पहिले केंद्र सुरू झाले. २००८ मध्ये क्रांजी ते चांगी असा ४८ किलोमीटरचा खोल सांडपाणी बोगदा पूर्ण झाला. त्याच वर्षी तांजोंग पगारच्या शेजारी, मरीना खाडीच्या मुखावर ३५० मीटर रुंदीचा बंधारा झाला आणि खारी खाडी गोड्या पाण्याचा जलाशय बनली. शहराच्या अगदी मध्यभागातला पाऊसही आता साठवला जातो. नानयांग विद्यापीठात मेम्ब्रेन संशोधनाचे केंद्र उभे राहिले. जीवपेशींच्या आवरणात फक्त पाण्याला वाट देणारे ॲक्वापोरिन नावाचे प्रथिन असते. ते मेम्ब्रेनमध्ये बसवून कमी विजेत पाणी गाळण्याचे प्रयत्न तिथे झाले. वीज हाच आजचा मोठा प्रश्न आहे : समुद्राच्या एका घनमीटर पाण्यासाठी सुमारे साडेतीन युनिट खर्च होतात, आणि तो आकडा दोनपर्यंत आणण्याचे मंडळाचे ध्येय आहे.

मराठी मुलखाशी धागा

या शास्त्राचा एक जुना धागा पुण्याला जाऊन मिळतो. ब्रिस्टल विद्यापीठात १९२२ मध्ये साबणाच्या द्रावणातले कलिल पुंजके अल्ट्राफिल्ट्रेशनने वेगळे करून अभ्यासणारे जेम्स मॅकबेन हेच पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले संचालक. १९५० मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. पुढे त्याच प्रयोगशाळेत डॉ. उल्हास खारूळ यांच्या गटाने पॉलिॲक्रिलोनायट्राइलची अल्ट्राफिल्ट्रेशन मेम्ब्रेन विकसित केली. ती पिण्याच्या पाण्यातले जिवाणू आणि विषाणू अडवते.

पुनर्वापरही आपल्याकडे अनोळखी नाही. बेडोकचे केंद्र उभे राहत होते, त्याच सुमारास चेंबूरच्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स कारखान्याने मुंबईचे सांडपाणी घेऊन, आर.ओ.ने शुद्ध करून कारखान्यात वापरायला सुरुवात केली. नागपूर महापालिकेचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जाते. विद्या आहे, माणसे आहेत, उदाहरणेही आहेत.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने एक विनंती. महाराष्ट्रातून इथे येणाऱ्या नगरसेवकांना, अभियंत्यांना, शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना मरीना खाडीची रोषणाई दाखवताना त्याच खाडीवरचा बंधारा आणि त्यामागचे पाण्याचे कामही आपण दाखवू या. मेम्ब्रेन बाजारात मिळते. सांडपाणी आणि पावसाचे पाणी वेगळे ठेवण्याची शिस्त, सगळे पाणी एका संस्थेकडे सोपवण्याचा निर्णय, रोजचे मोजमाप आणि फसलेल्या प्रयोगाकडे पंचवीस वर्षांनी परतण्याचा धीर मात्र प्रत्येक शहराला स्वतःच कमवावा लागतो. पी.यू.बी.ने तो कमावला. आपल्या गावांनीही कमवावा, यासाठी इथे मिळालेले ज्ञान तिकडे पोचवणे हे सिंगापुरातल्या मराठी माणसाचे काम आहे.